तिसरा मालक

कुहमोच्या जंगलाकडेला, शिकाऱ्यांच्या लाकडी खोपटात
चुलीवर कॉफी उतू जातेय,
टेबलावर आडवी पडलीय बंदूक.

बोल्ट कसा लोण्यासारखा सरकतो, वेइयो म्हणतो.
नवा मालक तो, कालपासूनचा.
उणे पंचविसात लोण्याचाही दगड होतो,
राउनी ऐकवते. तिनंच विकलीय त्याला,
दोन हिवाळे खांदा काळानिळा करून घेतल्यावर.
वजनाचं तर बोलूच नका, दलदलीत
पाचव्या किलोमीटरला कळतं.

उर्पो पहिला मालक.
विचारलं तर आधी कप खाली ठेवतो.
चुकत नाही, म्हणतो.
एकदा चुकायला हवी होती.

त्या ऑक्टोबरात धुक्यात एल्क पडली,
आणि तिच्यामागून, कुणाला दिसलंच नव्हतं,
वासरू आलं.
उभं राहिलं.
बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा:
तेवढ्यात माणसाला विचार करायला सवड मिळते.
हा बंदुकीचा गुण की दोष,
उर्पोचं अजून ठरत नाही.

वेइयो बोल्ट काढतो, फडक्यानं पुसत बसतो.
तेल कमी लाव, राउनी म्हणते,
गोठतं.