मोडतंय का बघ

बी म्हणजे तपकिरीची चिमूट.
आईनं कॅलेंडरच्या मार्च महिन्यात बांधून दिलं,
पाकिटात घालून मी मस्कतला उतरलो,
तिथून सहम, तिथून किनाऱ्यावरचं हे मासळीचं शीतगृह,
जिथं नऊ वर्षं मी कॉम्प्रेसर सांभाळतो.

इथल्या विहिरीचं पाणी खारट,
समुद्र जमिनीखालून चालत आलाय,
खजुरीच्या झावळ्यासुद्धा टोकाकडून करपतात.
पण चार नंबरच्या खोलीतलं बर्फ
दर सहा तासांनी वितळतं,
नळीतून बादलीभर गोडं पाणी येतं,
जरासं सुरमईच्या वासाचं.
त्यावर अकरा रोपं जगली.
बारावं बकरीनं तोंडात घेतलं
आणि माझ्याकडे बघून थुंकलं.

शेंडे खुडले तेव्हा बोटं चिकटून काळी झाली,
साबणाला दाद देईनात.
निपाणीच्या वखारीत सव्वीस वर्षं
आई दुसऱ्यांची तंबाखू चाळायची, पदर नाकाला बांधून.
घरी येऊन राखेनं हात घासायची, मग पीठ मळायची,
तरी भाकरी कडसर लागायचीच.
आम्हाला वाटायचं, ज्वारीच तशी असते.

पहिली माळ मी घाईनं
कंडेन्सरच्या गरम वाऱ्यात टांगली.
दोन दिवसांत वाळली, हिरवीच.
गवत.
दुसरी जाळ्यांच्या खोलीत, अंधारात, सावकाश.
म्हातारा खलफान तिथं जाळी सांधतो.
त्यानं पान हुंगलं, डोळे मिटले, म्हणाला,
"माझा बाप लावायचा. विहिरीमागं. बैल होता तेव्हा."
त्याचं हिंदी माझ्या हिंदीपेक्षा जुनं आहे.

पान पिवळं झालं, मग खजुरीच्या रंगाचं.
आईला फोन लावला.
"मोडतंय का बघ."
"मोडतंय. चुरा होतोय."
"मग हात लावू नको. पहाटे जा. दंव उतरल्यावर."

पहाटे समुद्राची ओल भिंतीवरून ठिबकत होती
आणि पान कानाच्या पाळीसारखं वाकलं.
एकावर एक रचलं, गोणपाटात बांधलं,
वर जुनी मोटर ठेवली, अडतीस किलोची.

सहाव्या रात्री डोळे चुरचुरले.
अमोनिया!
अनवाणी धावलो, मुखवटा चढवला,
एकेक व्हॉल्व्ह तपासला, एकेक सांधा साबणाच्या फेसानं,
फोरमनला उठवलं, सात माणसं बाहेर वाळूत उभी केली.
गळती कुठंच नाही.
वास जाळ्यांच्या खोलीतून येत होता.
गोणपाटात हात घातला,
तापलेल्या पोराचं कपाळ.
माझी तंबाखू मुरत होती.

फोरमननं काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.
खलफान मात्र वाळूत बसून इतका हसला
की त्याला खोकला लागला, मग
खोकल्यातही हसला.

आता ती दूध पावडरच्या डब्यात आहे,
झाकणाला टेप, टेपवर तारीख.
आई म्हणते, वर्षभर उघडायचं नाही.
तिला विचारलं, तू कधी खाल्लीस का गं?
"मी? छे. फुफ्फुसात गेली तेवढी पुरे."
आणि थोड्या वेळानं,
"तू पण थोडीच खा."

एक झाड फुलू दिलं होतं, गुलाबी तोंडाचं.
त्याचं बी खलफाननं डोक्याच्या फडक्याच्या टोकाला बांधून नेलं.
विहीर खारट झाली हे त्याला माहीत आहे.
तरी नेलं.

शुक्रवारी आई फोनवर विचारते,
"डबा वाजतोय का?"
मी डबा कानाशी हलवतो,
मग फोनशी हलवतो.
काही ऐकू येत नाही.
"मग मऊ आहे अजून," ती म्हणते,
"ठेव."