रात्रीचे चार, पहाटेचे चार

तक्रारवहीत तुमचं अक्षर मी आधी पाहिलं,
तुम्हाला नंतर.
"बी विंग, दुसरा मजला.
रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी सुकटीचा उग्र वास."
खाली सही, सहीखाली तारीख,
तारखेखाली पट्टीनं मारलेली रेघ.
मी रेघेखाली लिहिलं : वास नाही, सूवास.
दुसऱ्या दिवशी माझा सू
तांबड्या शाईनं ऱ्हस्व झालेला.

अहो शेणोलीकर,
ससूनला एकतीस वर्षं रात्रपाळी केली मी.
अंगातलं घड्याळ कधीचंच उलटं बसलंय.
दोनला भूक लागते, चारला जांभई येते,
तुमचा नाश्ता होतो तेव्हा माझी मध्यरात्र.
आणि तुम्ही वेधशाळेतले.
कानटोपी, खिशात वही,
भूगावच्या या टेकाडावर राहायला येतानाही
स्वतःचा तापमापक घेऊन आलेले.

पहिल्यांदा भेटलो ते पाण्याच्या कूलरपाशी.
"पहाटेचे चार. एवढ्या लवकर उठलात?"
"रात्रीचे चार. अजून झोपला नाहीत?"
यावर आपण अकरा दिवस भांडलो.
पुराव्याला तुम्ही पंचांग आणलंत,
मी थर्मासमधून चहा.
तुम्ही "साखर अर्धाच" म्हणेपर्यंत
दोन चमचे ढवळूनही झाले होते.

"नऊ पूर्णांक चार," तुम्ही सांगायचात,
"पाषाणला याहून कमी असणार."
थंडी आहे, एवढं पुरे की.
उद्या कमी होईल का, ते सांगा.
"ते नाही सांगणार. आमचं काम नोंदीचं,
अंदाज दुसऱ्या विभागाचा."
सदतीस वर्षं आभाळाकडे बघत काढली माणसानं,
आणि उद्याबद्दल एक शब्द नाही!

मग मार्गशीर्षातली ती रात्र.
(बरं बाबा, पहाट.)
जिन्यात कठडा धरून बसला होतात, घामेजलेले.
मी मनगट धरलं.
मला घड्याळ लागत नाही, मिनिट बोटांत मुरलंय.
अठ्ठ्याऐंशी, म्हटलं.
तशातही तुम्ही घड्याळ लावून
पुन्हा मोजायला लावलंत.
अठ्ठ्याऐंशी.
मग तुम्हाला मनगट सोडवून घ्यायचं सुचेना,
मला सोडायचं.
ब्याण्णव. सत्त्याण्णव. एकशे तीन.
हे आकडे मी सांगितले नाहीत.

भोगीला जेवणाच्या हॉलमध्ये
तिळाच्या भाकरीवर लोणी न घेताच तुम्ही निघालात,
मी टेबलावरून हाक मारली,
अहो!
शेणोलीकर तोंडातच राहिलं.
लग्न केलं नाही मी. हा शब्द असा उघडा
कधी कुणाला उच्चारला नव्हता.
चमचे थांबले.
चार म्हातारे सवयीनं वळले,
त्यातल्या तिघांच्या बायका जाऊन वर्षं लोटलीत.
त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, माना खाली घातल्या.
सगळ्यांत शेवटी वळलात तुम्ही.
म्हणालात, "आलो."

मोतीबिंदूच्या वेळी फॉर्म भरायचा होता.
सोबत कोण? तुम्ही सांगितलंत, सिस्टर रणपिसे.
काउंटरवरच्या मुलीनं नात्याच्या रकान्यात
सरळ लिहून टाकलं : बहीण.
तुम्ही खिशातून तांबडं पेन काढलंत,
एका डोळ्याला पट्टी, तरी
शब्द अगदी मधोमध खोडलात.
पुढे काही लिहिलं नाहीत.
मुलगी थांबली, मीही थांबले,
मागे रांग वाढत गेली.
"राहू दे मोकळं," तुम्ही म्हणालात,
"नोंद चालू आहे."

काल दोन वाजता दार वाजलं.
नाकाला रुमाल, हातात वही,
झोप येत नाही म्हणे.
खिडकीपाशी बसलात, पाठ ताठ.
मी तव्यावर कांदा परतला, सुकट टाकली.
तुम्ही लिहिलंत :
दोन वाजून सतरा. वारा पश्चिमेचा.
आणि पुढचा शब्द लिहिताना
हळूच विचारलंत,
यातला सु ऱ्हस्वच ना?