सिमरोलचा उतार

अकरा वर्षं हा घाट आम्ही
ब्रेकवर उभं राहून उतरलो.
दर दिवाळीला नवे लायनर.
खालच्या टपरीवाल्याला आमची चाहूल
जळक्या वासानंच लागायची.

धरणाच्या लिलावातली परदेशी पिकअप,
पुस्तक हरवलेलं.
दांड्याच्या टोकाला एक बटण.
त्र्यंबकमामा म्हणायचे, मेलेलं आहे ते.

काल चोइथराम मंडीतून
बटाट्याचे चाळीस कट्टे घेऊन निघालो.
घाटात पमीचा अंगठा चुकून त्यावर पडला.
वळणावर तिनं ब्रेकला नुसता पाय लावला
तर गाडीनं आपणच गिअर खाली घेतला,
खाकरली,
आणि पायरी चाचपत उतरावं
तशी उतरू लागली.

मामा खलघाटापर्यंत गप्प.
मग म्हणाले, "भिया, हिला येत होतं!"
आणि बोटांवर
लायनरचे पैसे मोजू लागले.