नमुना

मोरबे धरणाचं पाणी गोड. आमच्या नळाला येतं पहाटे साडेपाचला.
मी त्यात मीठ मिसळते.
खिडकीतून खाडी दिसते, भरतीला वासही येतो,
तरी विकतचं मीठ, पाकिटातलं,
लाकडी डावानं ढवळत राहायचं
तरंगता काटा हव्या त्या रेघेवर येईस्तोवर.
खाडीचं पाणी का नाही, ते मला विचारू नका.
रबाळ्याच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं
मी खाडीचंच पाणी तपासते.

‘काय नमुना आणलायस घरी!’ हे म्हणाले.
टाकीत आठ हात, आणि आडव्या बाहुलीचा एक डोळा
आमच्याकडे बघत होता
शाळेत तपासणीस आल्यासारखा.

दिवा कोळीवाड्यातला हिराजी नाखवा मुद्दाम बघायला आला.
चष्मा लावला, काढला.
‘म्हाकूलच यो. जाल्यान आला का आमी फेकून देव.
तू पैसं मोजलंस?’
मग अर्धा तास खुर्ची ओढून तिथेच बसला.

नाव ठेवायचं राहूनच गेलं.
नावं ठेवायचं काम मजल्यावरच्यांनी केलं.

पहिल्या रात्री झाकणावर वरवंटा नव्हता.
सकाळी ओट्यावर ओल्या गोल खुणा, चिल्लर सांडल्यासारख्या,
आणि सिंकमध्ये ती,
भांडी घासायच्या काथ्याला मिठी मारून
काथ्याच्याच रंगाची.
तेव्हापासून वाटण मिक्सरवर.

शुक्रवारी महावितरणची देखभाल, पंप बंद.
मी रजा टाकली.
पेला बुडवायचा, उंचावरून ओतायचा,
पाण्यात हवा जावी म्हणून, चार तास,
चहा गार करतात तसं.
तेव्हा एक हात वर आला, माझ्या बोटाला लागला, लागून राहिला.
त्यांच्या हातांनाच जीभ असते म्हणे.
हिंग, रबरी मोज्यांची भुकटी, आणखी काय लागलं असेल?
माझी चव मला अजून कुणी सांगितलेली नाही.

जानेवारीत ती बरणीतून बाहेर येईना.
माझ्या रुखवतातली लोणच्याची बरणी, आडवी ठेवलेली.
विजेरी लावून पाहिलं:
आत, छताला, साळीच्या लोंब्या लोंबत होत्या.
चिंबोरी दिली तर तिनं ती दोन हातांनी
हळूच बाहेर सरकवली,
पोट भरलेला पाहुणा ताट सरकवतो तशी.

वाशीच्या दुकानदाराला फोन केला.
‘मॅडम, आता ती खायची नाही. आणि नर नव्हता ना?
मग अंडीही रिकामीच.
मार्चमध्ये दुसरा आणून देतो.’

रिकाम्या अंड्यांवर ती फुंकर घालत राहिली
अठ्ठावीस दिवस.
एकेक लोंबी बोटांच्या टोकांनी पुसत.
सांगायचं तरी कसं,
आणि आठांपैकी कोणत्या हाताला?
हे रात्री पाणी प्यायला उठायचे आणि दिवा न लावता
टाकीपाशी उभे राहायचे. मी झोपल्याचं दाखवायची.

चिंबोरी हेमाबाईला परत नेऊन दिली.
तिनं पैसे परत केले नाहीत,
मूठभर कोळंबी टाकली पिशवीत. ‘पोर गेली ना तुझी?’
अजून गेली नव्हती. गुरुवारी गेली.

टाकी मी बादलीबादलीनं मोरीत रिकामी केली.
मोरीतून ते कुठे जातं मला ठाऊक आहे,
त्या नाल्यांचा नकाशा माझ्याच टेबलावर आहे.
एक बाटली तेवढी भरून घेतली,
आणि सोमवारी, सगळे गेल्यावर, यंत्राला लावली.
लवणता पस्तीस. शिसं नाही. पारा नाही.
अमोनिया किंचित, तो शेवटच्या दिवसाचा.
चिठ्ठीवर लिहिलं: ऐरोली, सेक्टर आठ, स्वयंपाकघर.
ग्राहकाच्या नावापाशी पेन थांबलं.

नियमाप्रमाणे नमुना पंधरा दिवस ठेवतात,
चार अंशांवर, मग ओतून देतात.
आज सतरावा.