हनुवटी छातीला

योकोतेच्या शाळेमागं, तांदळाच्या जुन्या गोदामात
मंगळवारी सहा वाजता आम्ही पडायला जमतो.
अकरा मुलं, आणि मी.
मोठ्यांचा वर्ग बंद झाला, गावात तेवढी माणसं उरली नाहीत;
म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी
पहिलीतल्या पोरांच्या रांगेत शेवटी उभा,
पट्टा पांढरा, गाठ चुकलेली.

कुवाबारा सेन्सेई त्र्याहत्तर वर्षांच्या,
उंचीनं माझ्या काखेशी.
म्हणाल्या, "फेकायचं नंतर बघू.
आधी जमिनीशी ओळख करून घ्या.
आज ना उद्या तिच्याकडं जायचंच आहे,
तर दार वाजवून जावं."
दार वाजवायचं हातानं:
तळव्यापासून कोपरापर्यंत, एकदम, तातामीवर
फाट्!
धक्का हातानं घ्यायचा,
मानेला पत्ता लागू द्यायचा नाही.

पडलो तरी नाक वर, हे इथं चालत नाही.
नाक खाली. हनुवटी छातीला.
नजर पट्ट्याच्या गाठीवर, चुकलेली असली तरी.
आणि हात टेकायचा नाही, मरण आलं तरी टेकायचा नाही,
मनगट आधी मोडतं, मग शहाणपण येतं.

पहिला महिनाभर मी पोत्यासारखा पडलो.
गोदामच ते, शोभलं.
माझी जोडीदार चिफुयु, वय सात, पुढचे दोन दात नाहीत.
ती पडते तेव्हा
ओंजळीतून वाटाणे सांडावेत तशी सांडते
आणि उठून नाक पुसते.
"काका, तुम्ही पडायच्या आधीच पडता."
"म्हणजे?"
"डोळे मिटता ना."

माझे वडील छपरावरून पडले होते.
फेब्रुवारी, बर्फ उपसताना.
लोक म्हणतात खाली बर्फ असला की लागत नाही.
बर्फाखाली दगडी नाली होती.
फावडं त्यांच्या मुठीतच सापडलं.
नवं होतं, आदल्याच आठवड्यात घेतलेलं.
हे मी चिफुयुला सांगितलं नाही.

मग एका मंगळवारी, कसं कोण जाणे,
करंगळीची कड, कोपर, खांदा,
पाठीवरून तिरकी एक रेघ,
पलीकडचा कुल्ला, पाऊल,
आणि मी उभा.
मधे कुठंतरी
वर-खाली असं काही नव्हतंच,
फक्त गोदामाचा दिवा एकदा पायाशी येऊन गेला.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
मुलांना त्यात विशेष वाटलं नाही.
पडायची सवय पडली म्हणायची.

जानेवारीत सेन्सेई आल्या त्या हात गळ्यात घेऊन.
प्लास्टर बोटांपर्यंत.
"स्वयंपाकघरात," म्हणाल्या. "ओली फरशी.
पन्नास वर्षं ओरडतेय हात टेकू नका म्हणून.
टेकला."
कुणी हसेना. शेवटी चिफुयुच म्हणाली, "का?"
"दुसऱ्या हातात कप होता."
"मग कप?"
"वाचला."
तेव्हा त्या स्वतःच हसल्या, खूप,
खोकला येईपर्यंत,
आणि स्टुलावर बसून डाव्या हातानं
आमचे आकडे मोजू लागल्या.
मी त्या दिवशी एकही लोळण नीट घेतली नाही.

रविवारी शिडी लावली. छपरावर हातभर साचलेला.
चढलो नाही लगेच.
अंगणात, गुडघाभर बर्फात उभा राहिलो,
फावडं दोन्ही हातांत घट्ट,
आणि मागं कलंडलो,
हनुवटी छातीला, डोळे उघडे,
कलंडता कलंडता मूठ सोडली.
उशीर झाला होता. दांडा पोटावर आला.
पुन्हा उभा राहिलो.
पुन्हा.
सातव्या-आठव्या खेपेला फावडं लांब जाऊन पडलं,
माझ्याशी काही नातं नसल्यासारखं.

कुंपणापलीकडून ओयामादा बघत होते, हातात झाडू.
किती वेळ बघत होते कोण जाणे.
"काय चाललंय?"
मी पाठीवरचं झटकलं.
म्हटलं, "यंदा फार पडलाय हो."