वजाबाकी

डुलूथ गावात, मार्च संपता संपता, माझ्या तळघरात
आम्ही पाच जण आणि एक भट्टी,
दर वीस मिनिटांनी खाकरणारी.
टेबलावर फासे, शेंगांचा ढीग,
आणि माझी वही: जुन्या खेळाचे नियम
आजच्या काळात आणायचे.
किल्ल्यांच्या जागी पेट्रोलपंप.
ड्रॅगनच्या जागी काय, ते अजून ठरलेलं नाही.

जुना नियम साधा होता.
पोलादी चिलखत घातलं की वार लागायचाच नाही.
विसाच्या फाशावर अठरा पडले तरच
तलवारीला तुमचं अंग सापडे,
नाहीतर ठण्ण.
बारा वर्षांचा होतो तेव्हा
मी त्या ठण्णच्या आतच राहत होतो.

आता गोळी.
जाकीट पाहून गोळी वाट बदलत नाही.
मी लिहिलं: जाकीट असो नसो, नेम तोच.
लागली ती लागलीच.
जाकीट फक्त वजाबाकी करतं:
दहातून सात गेले, उरले तीन.
जिवावरचं बोटावर निभावलं.

"बोटावर नाही, बरगडीवर," मारित म्हणाली.
ती रुग्णवाहिकेवर असते, रात्रपाळीला.
शेंग फोडता फोडता म्हणाली,
"जाकिटामुळे वाचलेला माणूस पाहिलायस कधी?
इथे," छातीवर मूठ ठेवून,
"एवढा डाग. आधी लाल, मग जांभळा,
मग सडक्या केळ्यासारखा.
सहा आठवडे शिंकायची चोरी.
हसायचीही."

मी लिहिलं: उरलेले तीन
सहा आठवडे भरून येत नाहीत.
मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं, बारीक अक्षरात.
असं केलंस तर खेळणार कोण, रॉइस कुरकुरला.
त्याला हवा होता चामड्याचा लांब कोट, चार गुणांचा.
मी एक दिला.
तोही सुरीपुरता,
तोही बटणं लावलेली असतील तर.

डेल्फीनची अडचण वेगळीच.
जुन्या खेळात तिचा सरदार नखशिखान्त लोखंडात
खानावळीत शिरायचा
आणि खानावळवाला मुकाट रस्सा वाढायचा.
आता तसलं जाकीट चढवून ती
कोपऱ्यावरच्या कॅफेत पॅनकेक मागायला गेली तर?
फासे टाकावेच लागले नाहीत.
वाढणारी बाई फोनकडे सरकली,
शेजारच्या टेबलावरच्या आईने पोराला मांडीवर ओढलं.
नवा नियम: चिलखत दिसलं की
खोलीतल्या प्रत्येकाची भीती एकाने वाढते.
घालणाऱ्याचीही.

ऑर्विल तोवर गप्प होता.
बंदरावर पहारेकरी, एकोणीस वर्षं.
तो उठला, गाडीपर्यंत जाऊन आला,
खांद्यावर बर्फ, हातात त्याचं स्वतःचं.
टेबलावर ठेवलं तसे फासे घरंगळले.
घामाचा वास, डिझेलचा वास.
आम्ही आळीपाळीने उचलून पाहिलं,
पाहुण्यांच्या बाळाला उचलतात तसं.
गळ्याच्या आतल्या पट्टीवर तारीख:
मुदत संपून दोन वर्षं.
"दुधासारखी?" रॉइसने विचारलं.
"दुधासारखीच. धागे थकतात," ऑर्विल म्हणाला.
"नवं मागितलंय. अर्ज वर गेलाय."

वहीत मी आणखी एक रकाना आखला.
त्याखाली काय लिहावं सुचेना.
कधी सात वजा करील, कधी काहीच नाही,
आणि कोणतं कधी ते आधी कळणार नाही,
अशा आकड्याला म्हणायचं काय?
"फासा टाक ना," ऑर्विल म्हणाला,
"त्यासाठीच तर आहे तो."
मी हातात घेतला, विसाचा, हिरवा,
आणि भट्टी खाकरेपर्यंत तसाच धरून बसलो.

साडेअकराला सगळे निघाले.
दाराशी उभा राहून मी सवयीने मोजत होतो:
मारितचा पार्का, दोन.
डेल्फीनचा आईने विणलेला मफलर, अर्धा, पण टिकाऊ.
रॉइसचा चामड्याचा कोट,
सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यापुढे शून्य.
ऑर्विलने जाकीट काखोटीला मारलं होतं, घातलं नव्हतं.
दुसऱ्या पायरीवर तो सटकला,
कठडा धरला, एक सणसणीत शिवी हासडली,
आणि मारित हसायला लागली, अंधारात, मोठमोठ्याने,
सगळ्या बरगड्या शाबूत असल्यासारखी.