अंतिम वापर

अकरा नंबरचा माग एकवीस दिवस बंद आहे.
मोटरीतलं चुंबक गेलं. सुपारीएवढं.
ते येतं शेजारच्या देशातून,
आणि शेजाऱ्यानं सध्या आतून कडी लावलीय.

कडी काढायला फॉर्म आहे.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मी, बालामणी इराबत्ती, बी.कॉम.,
टॉवेलच्या गठ्ठ्यांमागे बसून तो भरते.
वस्तू कशासाठी हवी? टॉवेल विणायला.
टॉवेल कशासाठी? (हेही विचारलंय.)
पुसायला.
अंतिम वापरकर्ता कोण?

इथं अडले.
दुडम शेठ म्हणाले, आपलंच नाव टाक की, बिल कोण भरतंय?
मल्लेशम फिटर म्हणाला, माग. वापरणार तर मागच.
शिलाईतल्या बायका हसल्या,
शेवटी त्याचं फरशीचं फडकं होतंय बाला,
धुणंभांडीवालीचं नाव लिही.

मधल्या काळात मल्लेशमनं
मंडळाचा फाटका स्पीकर फोडून
त्यातलं चुंबक लावून पाहिलं.
माग तीनदा खोकला, गप्प झाला.
आता ते त्याच्या खिशात असतं,
संध्याकाळी शिलाईखात्यात सांडलेल्या सुया वेचतं.

पुढचा रकाना:
लष्करी वापर होणार नाही, अशी हमी.
शेठ म्हणाले, मार सही, त्यात काय एवढं.
पण ती फाईल माझ्याच अक्षरातली आहे.
तीन वर्षांपूर्वीचं टेंडर, शेवाळी रंग, दोनशे डझन,
याच अकरा नंबरवर, रात्रपाळीत.
कुठल्याशा बर्फातल्या चौकीवर
कुणी तोंड धुऊन तो दोरीवर टाकला असेल,
गोठून पत्रा झाला असेल त्याचा,
आणि समोरच्या चौकीतला
दुर्बीण लावून बघत असेल,
हे काय नवीन उभं केलंय यांनी?

मी ‘हो’ लिहिलं नाही.
‘नाही’ही लिहिलं नाही.
रकाना चाळीस अक्षरांचा होता.
‘तोंड पुसतात’ एवढंच लिहिलं,
बाकीची जागा मोकळी सोडली.

काल उत्तर आलं. माहिती अपुरी, पुन्हा भरा.
शेठनी माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे.
मल्लेशमनं धूळ बसू नये म्हणून
मागावर चादर घातली,
आपल्याच गावची, मोराची.
किमतीची चिठ्ठी
अजून तशीच आहे तिच्यावर.